घर, ऑफिस, पुन्हा घर: साथीच्या काळातल्या कामाच्या ताणाबद्दल खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

मार्च २०२० पासून माझ्याकडे आलेल्या प्रश्नांपैकी जे पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक आपल्याच भागातले आहेत. कुणी पुण्या-मुंबईच्या नोकरीतून लॅपटॉप घेऊन एरंडोलला, शिरपूरला, शहाद्याला परतलेलं, तर कुणी भुसावळ-जळगाव रोज अपडाऊन करणारं. मी नऊ वर्षं पुण्यात एका कंपनीच्या एचआर विभागात होते, आता जळगावात समुपदेशन करते. प्रश्न कोरोनाच्या साथीच्या काळातले असले तरी कंपन्या अजूनही धोरण बदलतात, त्यामुळे ते थांबलेले नाहीत.

माझं मत आधीच सांगते. लोकांना सगळ्यात जास्त दमवलं ते 'पुढच्या सोमवारी आपण कुठे असणार' हे माहीत नसण्याने. खालची बरीचशी उत्तरं तिथूनच निघतात.

१. आधी घरून काम करताना जीव मेटाकुटीला आला होता. आता ऑफिसला बोलावलं तर पोटात गोळा येतो. माझंच काही चुकतंय का?

नाही. एका वेळापत्रकाची सवय लागायला काही आठवडे जातात, आणि ती जेमतेम लागते तोच तुम्हाला उठवून दुसरीकडे बसवलं गेलं. आठवून पाहा. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी, जूनपासून टप्प्याटप्प्याने सूट देणारं राज्याचं 'मिशन बिगिन अगेन', एप्रिल २०२१ मध्ये 'ब्रेक द चेन'चे निर्बंध आणि खासगी ऑफिसं पुन्हा घरी, वर्षाच्या शेवटी परत बोलावणं, जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आणि पुन्हा घर. दर वेळी झोपेची, जेवणाची वेळ बदलली, आजूबाजूची माणसं बदलली.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. ऑगस्ट २०२० मध्ये मी जळगावला आईकडे होते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला मेल आला: सोमवारी हजर व्हा. तेव्हा जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा, तो नियम २ सप्टेंबरला उठला. मी अर्ज टाकला आणि दोन रात्री ओसरीवर बसून फोनचा पडदा खाली ओढत राहिले, मंजूर झाला का बघत. त्या दोन दिवसांत कामाची एक ओळही केली नव्हती, तरी सोमवारी मी तापातून उठल्यासारखी झाले होते. तेव्हापासून कुणी म्हणालं की 'काम तर काही नाही, तरी थकलोय', तर मी त्याच्यावर शंका घेत नाही.

२. हा साधा ताण आहे की आजार? फरक कसा ओळखायचा?

बदल झाल्यावर दोन-तीन आठवडे चिडचिड, अपुरी झोप, डोकं जड, कामात मन न लागणं हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू उतरतं. उतरायच्या ऐवजी दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, छातीत धडधड होऊन श्वास अपुरा पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

'बर्नआउट' हा शब्द अनेक जण वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली, पण आजार म्हणून दिली नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून दिली. थकवा, कामाबद्दल तुटलेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, अशी तिची तीन लक्षणं आहेत. व्यवहारात अर्थ असा, की बर्नआउट नुसत्या गोळीने जाणार नाही, कामाची मांडणी बदलावी लागेल. नैराश्य मात्र आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. कुठे जायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. घरचे म्हणतात, 'दिवसभर घरीच तर असतो.' त्यांना कसं समजावू?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. आपल्याकडे काम म्हणजे वावरात, दुकानात किंवा ड्युटीवर जाणं. पलंगावर मांडी घालून बसलेला माणूस काम करतोय, हे आई-वडिलांच्या डोळ्यांना पटत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

अमळनेरजवळच्या एका मुलाची मीटिंग चालू होती. आई भरीत-भाकरीचं ताट घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर आली. "जेवाले चाल ना भाऊ, कोनासंगे बोली ऱ्हायना?" अख्ख्या टीमला ऐकू गेलं. तो आईवर ओरडला. ती ताट तिथेच ठेवून गेली आणि दिवसभर बोलली नाही. रात्री त्याने मला लिहिलं, तेव्हा त्याला मीटिंगची लाज वाटत नव्हती, आईवर ओरडल्याची वाटत होती.

मी त्याला एवढंच सुचवलं, की आईला एकदा शेजारी बसव. दुसऱ्या दिवशी ती दहा मिनिटं बसली, पडद्यावरचे नऊ चेहरे पाहिले, आपला मुलगा इंग्रजीत कुणाला तरी काही समजावतोय हे ऐकलं. त्यानंतर घरात कुणी मोठ्याने बोललं तर तीच गप्प करायची. भाषणाने समजत नाही ते असं दाखवून समजतं. सोबत एक खूण ठरवा. दाराच्या कडीला लाल रुमाल असेल तर आत यायचं नाही, रुमाल काढला की मी तुमचा. आणि रुमाल वेळेवर काढा. नाहीतर आठवड्याभरात त्याची किंमत जाते.

'घरीच आहेस तर वावरात चक्कर मारून ये' याला सरसकट नकार देऊ नका. रावेरकडच्या एकाने वडिलांशी ठरवलं: केळीची गाडी भरायची असेल त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत मी तुमच्यासोबत, नऊनंतर कंपनीचा. वेळ ठरलेली असली की वडीलही चिडत नाहीत. कानबाई, पोळा, आखाजी या दिवसांची रजा मात्र आधीच टाका. लॅपटॉप उघडा ठेवून सण केला तर सणही होत नाही आणि कामही.

४. मे महिन्यात ४५ अंश, त्यात वीज जाते. अशात घरून काम कसं करायचं?

पुण्यातल्या टीमला हे कळत नाही, कारण त्यांनी जळगाव-भुसावळचा मे पाहिलेला नसतो. मीटिंग सुरू झाली की कूलर बंद करावा लागतो, कारण माइकमधून फक्त त्याचीच घरघर ऐकू जाते. पंधरा मिनिटांत खोलीची भट्टी होते. घामाने ओला हात माऊसवरून घसरतो, आणि वर कुणी विचारतं, 'तुझा कॅमेरा का बंद?' एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे राज्यात भारनियमन झालं, तेव्हा असे फोन रोज यायचे.

उन्हाळ्यापुरती वेळ बदलून मागा: सकाळी सात ते अकरा, मग चार ते आठ. अवघड काम सकाळी करा. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप लावा, लॅपटॉपच्या बॅटरीवर तुम्ही काही तास काढू शकता, पण राउटर बंद पडला की सगळंच थांबतं. आवाज गाळणारा हेडफोन कंपनीकडून मागा, तो कामाचा भाग आहे. वीज गेल्यावर साहेबांना दर वेळी माफी मागू नका. एकदाच कळवा की आमच्याकडे अमुक वेळेत वीज जाते, त्या वेळेत मी फोनवर आहे.

५. घरून काम म्हणजे चोवीस तास काम का? रात्री अकराला साहेबांचा मेसेज येतो.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (२०१७), साथीच्या काळात लागू असलेल्या तरतुदींप्रमाणे, दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दराने मोबदला. काम घरून केलं म्हणून ही मर्यादा उठली नाही. व्यवस्थापकीय पदावरच्यांना हे लागू होत नाही, म्हणून आधी आपलं नेमणूकपत्र पाहा. ऑफिसच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

कायदा दाखवून साहेबांशी भांडायला मी सांगत नाही. हा मेसेज अनेकांना उपयोगी पडला: 'सर, रात्री नऊनंतर मी घरच्यांसोबत असते. तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन. बाकीचं सकाळी साडेनऊला पाहते.' फोन करायचा म्हटलं की बहुतेक 'तातडी' आपोआप सकाळपर्यंत थांबते. हा मेसेज शांत दिवशी पाठवा, रागाच्या रात्री नको.

६. घरून काम करताना सुनेला जास्त त्रास होतो, हे खरं ना?

खरं आहे. ती घरात दिसते, म्हणून ती मोकळी आहे असं धरलं जातं. आपल्याकडे अनेक गावांत नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं ते नेमकं मीटिंगच्या वेळी. धुळ्याच्या एका मुलीने सांगितलं, की तीन महिने ती कानात इअरफोन घालून हंडे भरत होती आणि मध्येच 'येस, नोटेड' म्हणत होती. हे कौतुकाने सांगण्यासारखं नाही. घरात नवरा असेल, दीर असेल, तर पाणी त्यांनी भरावं. हे सासूबाईंना सुनेने सांगण्याऐवजी नवऱ्याने सांगावं. माझ्या अनुभवात तिथेच निम्मा प्रश्न सुटतो.

बाळंतपणानंतर काम करणाऱ्यांसाठी: २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवडे आहे (दोन मुलांपर्यंत), आणि त्यानंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूदही कायद्यात आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. लेखी मागा.

७. पुन्हा ऑफिस सुरू होतंय. पहिल्या दिवसांसाठी काय तयारी करू?

शक्य असेल तर सोमवारऐवजी गुरुवारी रुजू व्हा, दोन दिवसांनी सुट्टी मिळते. आधीच्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटं लवकर उठा. पहिल्या पंधरवड्यात मोठं काम अंगावर घेऊ नका. डबा एकट्याने खाऊ नका, कारण ऑफिसात परतल्यावर माणसांची सवय सगळ्यात उशिरा येते.

प्रवासाचा ताण वेगळा मोजा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. ऑफिसं बोलावत होती नेमकी तेव्हाच. पारोळा-धुळे, चोपडा-जळगाव करणारे लोक काळीपिवळीत दाटीवाटीने बसून, मास्क सावरत जात होते आणि पोहोचल्यावर 'उशीर का' ऐकत होते. असं कधीही झालं तर प्रवासाची अडचण रोज तोंडी सांगू नका, एकदा मेलने कळवा आणि उशिरा येऊन उशिरा निघण्याची परवानगी घ्या.

८. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. हे तरी सोपं असायला हवं ना?

पुण्यात राहणाऱ्याला सोपं. जळगाव ते पुणे सुमारे चारशे किलोमीटर आहे. आपल्यासाठी 'तीन दिवस ऑफिस' म्हणजे तिथे भाड्याची खोली, इथे घर, आणि दर आठवड्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये एक रात्र. बॅग कधीच पूर्ण रिकामी होत नाही. माझ्याकडे आलेल्यांमध्ये सर्वाधिक थकलेले हेच लोक होते, पूर्ण घरून किंवा पूर्ण ऑफिसातून करणाऱ्यांपेक्षाही.

दिवस एकत्र करून मागा: महिन्याचे ऑफिसचे दिवस सलग दोन आठवड्यांत, उरलेले दोन आठवडे घरून. कंपनीचा हिशोब जवळपास तेवढाच राहतो आणि तुमचे प्रवास निम्म्याहून कमी होतात. अनेक साहेब याला हो म्हणतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं. आणि वेळापत्रक किमान महिनाभर आधी हातात हवं, असं स्पष्ट सांगा.

९. कंपनीने घरून काम नाकारलं तर माझा हक्क आहे का?

खासगी नोकरीत घरून काम करण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. नेमणूकपत्रात आणि कंपनीच्या धोरणात जे लिहिलंय ते महत्त्वाचं. साथीच्या काळात सरकारी आदेश होते तेवढ्यापुरते ते बंधनकारक होते. प्रसूतीनंतरच्या तरतुदीसाठी प्रश्न ६ पाहा. अपंगत्व किंवा गंभीर आजार असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज करा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

१०. आई-वडील म्हातारे, गावी एकटे. दोन वर्षं त्यांच्याजवळ होतो, आता सोडून जाताना अपराधी वाटतं.

वाटणारच. दोन वर्षं तुम्ही त्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाहिल्या, अप्पांचा दम कधी वाढतो हे पाहिलं. पूर्वी हे माहीत नव्हतं म्हणून पुण्यात झोप लागत होती. आता माहीत आहे. जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा बराच वर होता. ती भीती अंगात भिनलेली आहे, ती खोटी नाही.

निघण्याआधी तीन गोष्टी करून ठेवा. रात्री-बेरात्री धावून येणारा शेजारी किंवा भाऊबंद ठरवा आणि त्याला तोंडावर विचारा, गृहीत धरू नका. औषधांची नावं, डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून देवघराजवळ लावा. रोजच्या फोनची एक वेळ ठरवा. सारखे फोन केल्याने दोन्हीकडची काळजी वाढते. पुढच्या भेटीची तारीख सांगून निघा. आमच्या आईला 'येईन लवकर' यापेक्षा 'पंचमीला येते' यानेच धीर आला.

११. दुसऱ्या लाटेत घरातलं माणूस गेलं, आणि ऑफिसने महिन्याभरात बोलावलं. मी कामच करू शकत नाही.

एप्रिल-मे २०२१ मध्ये अनेकांना शेवटचं तोंडही पाहता आलं नाही, दहाव्याला चार माणसं जमली नाहीत. दुःख वाटून घ्यायची आपली रीतच त्या दिवसांत बंद होती. ऑफिसात एखादी साधी गोष्ट, कुणाच्या फोनची रिंगटोन, आणि डोळे भरून येतात. हा कमकुवतपणा नाही. एका जवळच्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा की बाकीच्यांना त्याने सांगावं, म्हणजे प्रत्येकाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागत नाही. राहिलेला विधी वर्षाने केला तरी चालतो. अनेकांनी वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक बोलावले आणि मग कुठे त्यांना मोकळं रडता आलं.

कागदपत्रांचंही ओझं असतं. गेलेली व्यक्ती भविष्य निर्वाह निधीची सदस्य असेल, तर त्याच्याशी जोडलेल्या विम्यातून वारसाला कमाल ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. कित्येक घरांत याची माहितीच नव्हती. अर्ज भरायला घरातल्या दुसऱ्या कुणाला बसवा.

१२. मदत कुठे मिळेल? आणि कंपनीला कळेल का?

'टेलिमानस' ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे मानसोपचार विभागाची चौकशी करा.

गोपनीयता हा मानसिक आरोग्य कायद्याने (२०१७) दिलेला हक्क आहे. डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय कंपनीला सांगू शकत नाहीत. त्याच कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पण दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या तपासणीचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

१३. आम्ही कधी घरून काम केलंच नाही. बँक, एमआयडीसी, रेल्वे, दवाखाना. आमचं काय?

तुमचा प्रश्न या पानावर उशिरा आला याची मला खंत आहे. तुमच्यासाठी ऑफिस कधी थांबलंच नाही. दालमिलमधला कामगार, भुसावळचा रेल्वे कर्मचारी, आशाताई, सगळे रोज बाहेर जात होते आणि घरी आल्यावर कपडे साबणाच्या पाण्यात टाकून, लेकराला दुरूनच पाहत गच्चीवर झोपत होते. एका घरात नवरा लॅपटॉपवर आणि बायको नर्स असेल, तर दोघांना एकमेकांचा हेवा वाटायचा: 'तू तरी घरी आहेस', 'तू तरी माणसं पाहतेस'. तो हेवा बोलून दाखवा, मनात ठेवू नका. आणि 'सवय झाली' म्हणत त्या वर्षांवर झाकण घालू नका. झोप अजून बिघडलेली असेल तर प्रश्न २ आणि १२ तुमच्यासाठीही आहेत.

१४. मला खरंच घरूनच काम आवडतं. ही आवड आहे की भीती?

ऑफिसला न गेल्याने तुमचं बाकी आयुष्य भरलेलं असेल, गावात मित्र असतील, काम चांगलं होत असेल, तर ती आवड आहे. ऑफिसच नको, बाजारही नको, लग्नकार्यही नको, फोनही नको असं होत गेलं असेल, तर ती भीती आहे. टाळल्याने ती वाढते. एकदम उडी मारू नका. आधी शनिवारच्या बाजारात अर्धा तास, मग एक दिवस ऑफिसात फक्त जेवणापर्यंत, मग पूर्ण दिवस, असं चढत जा.

१५. सहकारी 'आता जगण्यात अर्थ नाही' असं बोलतो. मी काय करू?

थेट विचारा: 'मरायचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उपदेश करू नका, 'इतरांचं बघ' म्हणू नका. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत असं पाहा, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तो घरून काम करत असेल आणि तुम्ही दूर असाल, तर फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून त्याच्या घरी किंवा १४४१६ वर लावा. धोका त्याच क्षणी असेल तर ११२. साहेबांना कळवायचं का, रजेचं काय, हे उद्या पाहता येतं.